वेळेवर वाचलेली आणि न वाचलेली पुस्तके

चालू काळातील सामाजिक आणि राजकीय प्रश्नांवरचे वैचारिक ग्रंथ वाचणे अवघड का जाते, याचे एक सरधोपट उत्तर नेहमी दिले जाते. भाषा जड असते, आकडे असतात, संदर्भ ठाऊक नसतात, असे ते उत्तर. आम्हांस ते अपुरे वाटते. ज्ञानेश्वरीची भाषा आजच्या वाचकास जड जाते, तरीही तिची पारायणे होतात. खरी अडचण निराळी आहे. अशा ग्रंथात वाचक स्वतः एक पात्र असतो, आणि ते पात्र बहुधा नायकाचे नसते. शेतकऱ्याच्या दैन्यावरचे पुस्तक वाचणारा पांढरपेशा, स्त्रीच्या दास्यावरचे पुस्तक वाचणारा पुरुष, जातिभेदावरचे पुस्तक वाचणारा सवर्ण, यांना पानोपानी आपलेच नाव पुकारले जाते आहे असे वाटत राहते. मग पुस्तक मिटण्यासाठी सबबी सुचू लागतात. लेखकाचे व्याकरण कच्चे असते, सूर कडवट असतो, वेळ चुकलेली असते, उद्देश शुद्ध नसतो.

महाराष्ट्राला आपल्या विचारवंतांचा अभिमान आहे. फुले, आंबेडकर यांची नावे भाषणांतून, पाट्यांतून, शासकीय परिपत्रकांतून आपल्याला रोज भेटतात. परंतु त्यांची पुस्तके ज्या काळी लिहिली गेली त्या काळी ती कोणी वाचली, कशी वाचली आणि कोणी वाचली नाहीत, हा इतिहास आपण क्वचितच उगाळतो. प्रस्तुत लेखात त्या इतिहासातील काही प्रसंग पाहण्याचा विचार आहे.

आरंभ १८४७ सालापासून करू. त्या सुमारास पुण्यातील विशीच्या एका तरुणाने आपल्या मित्रांसमवेत टॉमस पेन या लेखकाचे ‘राइट्स ऑफ मॅन’ हे इंग्रजी पुस्तक वाचले. हा तरुण म्हणजे जोतीराव फुले. पेनचे पुस्तक फ्रेंच राज्यक्रांतीच्या ऐन धामधुमीत, एडमंड बर्कच्या टीकेला उत्तर म्हणून लिहिलेले. त्याचा पहिला भाग १७९१ साली आणि दुसरा १७९२ साली निघाला. इंग्लंडच्या सरकारला ते इतके झोंबले की १७९२च्या डिसेंबरात पेनवर त्याच्या गैरहजेरीत खटला चालून तो दोषी ठरवला गेला. पेन तोवर फ्रान्समध्ये पोचला होता. राजसत्ता आणि सरदारकी वंशपरंपरेने का चालावी, मेलेल्या पिढ्यांनी जिवंत पिढ्यांना कायमचे बांधून का ठेवावे, हे त्या पुस्तकाचे प्रश्न होते.

हे पुस्तक पुण्यात वाचले गेले तेव्हा ते अर्धशतकाहून जुने झाले होते. बर्क आणि पेन दोघेही केव्हाच निवर्तले होते. फ्रान्समध्ये क्रांती होऊन गेली होती, सम्राट होऊन गेला होता, राजे परत आले होते. एखाद्या विद्यार्थ्याने ते पुस्तक युरोपच्या इतिहासाचे साधन म्हणून वाचले असते तर त्यात काही वावगे नव्हते. जोतीरावांनी ते तसे वाचले नाही. वंशपरंपरेने चालणाऱ्या श्रेष्ठत्वाविरुद्धचा युक्तिवाद त्यांनी इंग्लंडच्या उमरावांवरून उचलला आणि आपल्या शेजारच्या आळीला लावून पाहिला. १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली, तेव्हा ती अमेरिकेत निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलेली होती. तिकडचा प्रश्न इकडे ओळखण्याची ही दृष्टी तीच. पुस्तक वेळेवर वाचणे याचा आम्हांस अभिप्रेत असलेला अर्थ हा आहे. त्याचा प्रकाशनाच्या तारखेशी फारसा संबंध नाही. पुस्तकातला प्रश्न आपल्या दारात उभा आहे असे समजून जो वाचतो तो पन्नास वर्षांनीही वेळेवर वाचतो, आणि जो तसे समजत नाही तो शाई वाळण्यापूर्वी वाचूनही उशीर करतो.

पुढच्याच वर्षी, १८४८ साली, पुण्यात आणि मराठी मुलखात तीन गोष्टी घडल्या. पुण्यात ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ स्थापन झाली, तीच पुढे पुणे नगर वाचन मंदिर म्हणून नावारूपास आली. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने गोपाळ हरि देशमुखांची पत्रे येऊ लागली. आणि भिडेवाड्यात जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. एक संस्था ज्यांना वाचता येत होते त्यांच्यासाठी होती. दुसऱ्या उपक्रमात वाचणाऱ्यांना त्यांच्याच दोषांचा आरसा आठवड्याच्या आठवड्याला दाखवला जात होता. तिसऱ्यात ज्यांना कधी वाचू दिले नव्हते त्यांना अक्षर दिले जात होते. मराठीतील आधुनिक वैचारिक वाचनाच्या सगळ्या पेचांची बीजे या तीन गोष्टींत सापडतात. कोणासाठी लिहावे, कोणाविषयी लिहावे आणि वाचणार कोण, हे तीन प्रश्न त्यानंतर मराठीत कधीच एकमेकांपासून सुटे झाले नाहीत.

पेनचा हा वाचक स्वतः लेखक झाला तेव्हा त्याला कसे वाचक लाभले? विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ ते १८८१ या काळात चालली. इंग्रजी शिकलेल्या मराठी तरुणांच्या मनावर तिचा फार मोठा पगडा होता. तिच्यात फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेतला गेला तो मुख्यतः भाषेच्या अंगाने. ऱ्हस्वदीर्घ, विभक्ती, वाक्यरचना यांवर शास्त्रीबोवांनी उपहासाची झोड उठवली. त्यांचे गद्य मराठीचे भूषण आहे, हे आम्ही नाकारत नाही. परंतु ‘गुलामगिरी’चा मुख्य प्रश्न असा होता की, ज्ञानाची मक्तेदारी एका वर्गाकडे कशी आली आणि ती का टिकावी. या प्रश्नाला व्याकरणाच्या चुका दाखवून उत्तर मिळत नाही. उलट, शतकानुशतके ज्याला शाळेबाहेर ठेवले त्याच्या ऱ्हस्वदीर्घावर बोट ठेवणे म्हणजे त्याचाच मुद्दा सिद्ध करून देणे होय. पुस्तक हाती घेऊन, ओळ न् ओळ तपासूनही ते न वाचण्याची ही एक रीत. ती आजही प्रचारात आहे. व्याकरणाची जागा हल्ली कधी ‘सूर’ घेतो, कधी ‘संशोधनपद्धती’, एवढेच.

‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. १८७६ ते १८७८चा भीषण दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत कुणब्यांनी सावकारांच्या दप्तरांवर हल्ले केले होते, आणि त्यावर उपाय म्हणून सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला होता. म्हणजे शेतकऱ्याचा प्रश्न त्या वेळी अगदी ऐरणीवर होता. १८८३ साली फुल्यांनी त्यावर पाच प्रकरणांचे पुस्तक लिहिले. जन्मापासून मरणापर्यंत धर्मविधींच्या निमित्ताने शेतकरी कसा नाडला जातो, गोरे अंमलदार ऐषआरामात राहिल्याने खालच्या कामगारांचे कसे फावते, जंगलखात्याने गावाची कुरणे कशी हिरावली, हे त्यात आहे. चौथ्या प्रकरणात शेतकऱ्याच्या घराचे, कपड्यांचे, खाण्यापिण्याचे वर्णन आहे. ते वाचताना एखाद्या तपशीलवार पंचनाम्याची आठवण व्हावी. शेवटच्या प्रकरणात उपाय येतात. डोंगरउतारावरून वाहून जाणारी माती अडवावी, पलटणीतल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या हातांकडून ताली, बंधारे, तळी बांधून घ्यावीत, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शिक्षण द्यावे, उत्तम पीक काढणाऱ्यास बक्षिसे द्यावीत. ‘पाणलोट क्षेत्र विकास’ हा शब्द शासनाच्या दप्तरी येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

या पुस्तकाचे पहिले वाचक खरे तर श्रोते होते. फुल्यांनी त्याचे हस्तलिखित पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवले. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यापुढे ते आधी ठेवले, त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती तरीही. बडोद्याचे तरुण महाराज सयाजीराव गायकवाड यांनीही ते फुल्यांच्या तोंडून साद्यंत ऐकले आणि त्यांचा सत्कार करून द्रव्यसाहाय्य केले. ओतूरचा शेतकरी आणि बडोद्याचा राजा या दोघांनी एकच हस्तलिखित ऐकले, ही मराठी वाचनाच्या इतिहासातील एक अपूर्व घटना मानली पाहिजे. ज्या वर्गाला हे पुस्तक स्वतःच्या डोळ्यांनी सहज वाचता आले असते, तो मात्र या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी गैरहजर राहिला.

छापील पुस्तकाचे काय झाले? ‘दीनबंधू’ हे सत्यशोधकांचे पत्र त्या वेळी मुंबईहून नारायण मेघाजी लोखंडे चालवीत. त्यांनी असूडाची पहिली काही प्रकरणे छापली आणि मग थांबवली. सरकारवरील टीकेमुळे पत्र अडचणीत येईल ही धास्ती त्यामागे होती, असे सामान्यतः मानले जाते. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८चा कायदा १८८२ साली रद्द झाला होता खरा, पण राजद्रोहाचे कलम १८७० पासून दंडसंहितेत होतेच. फुले रागावले आणि आपल्याच लोकांतील छापखानेवाल्यांच्या भित्रेपणाची नोंद त्यांनी पुस्तकातच करून ठेवली. लोखंड्यांना भित्रे ठरवून मोकळे होणे मात्र अन्यायाचे होईल. गिरणी कामगारांची संघटना उभारून त्यांना आठवड्याची सुटी मिळवून देण्यासाठी झगडणारा हा माणूस. तो कचरला असेल तर त्यातून एवढेच दिसते की, असे पुस्तक पेलणे मित्रांनाही सोपे नसते. फुले १८९० साली वारले तेव्हा असूड संपूर्ण छापलेला नव्हता. सर्वसामान्य मराठी वाचकाच्या हाती तो पुरता आला १९६०च्या दशकात. १९६९ साली साहित्य संस्कृती मंडळाने फुल्यांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले, त्यात तो आहे. लिहिल्यापासून सर्वांच्या हाती येईपर्यंत ऐंशीहून अधिक वर्षे गेली. आज त्या पुस्तकाच्या आरंभीच्या, विद्येचे महत्त्व सांगणाऱ्या चार ओळी शाळकरी मुलांनाही मुखोद्गत असतात. त्या ओळींमागची पाच प्रकरणे किती जणांनी वाचली असतील, याचा अंदाज ज्याने त्याने आपल्या ओळखीच्या लोकांवरून बांधावा.

असूडाच्या आधी एक वर्ष, १८८२ साली, पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात एक लहानसे पुस्तक छापले गेले. ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे त्याचे नाव, ताराबाई शिंदे या लेखिका, राहणार बुलढाणा. किंमत नऊ आणे, प्रती ५००. त्याचे निमित्त ताजे होते. सुरतेतील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती बदलून काळ्या पाण्याची झाली आणि पुढे आणखी सौम्य करण्यात आली. या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीच्या अनीतीवर कोरडे ओढले जाऊ लागले. ताराबाईंनी उत्तर लिहिले. स्त्रीच्या अंगी म्हणून जे जे दोष सांगितले जातात ते पुरुषाच्या अंगी किती पटीने आहेत, हे त्यांनी एकेक करून मांडले. विधवेवर सारी बंधने आणि विधुराला मात्र दुसऱ्या लग्नाची घाई, हा न्याय कोणता, असे देवालाच विचारले. पुराणातील देवांचीही गय केली नाही. भाषा घरातली, चुलीपुढची, म्हणींनी भरलेली. ती वाचताना एखादी वडीलधारी बाई माजघरातून ओसरीवरच्या पुरुषांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलते आहे असे वाटते.

ओसरीवरच्यांनी ते ऐकून घेतले नाही. पुस्तकाची टवाळी झाली. विशेष म्हणजे ती सुधारकी वर्तुळातूनही झाली. १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात फुल्यांनी ताराबाईंची पाठराखण केली आणि आपल्याच सहकाऱ्यांना बोल लावले. जातीच्या प्रश्नावर ज्यांचे कान तयार होते त्यांचे स्त्रीच्या प्रश्नावर तयार नव्हते. एका विषयावर पुढारलेला वाचक दुसऱ्या विषयावर अगदी सनातनी असू शकतो, हे आपण आपल्या काळातही पाहतो. ताराबाईंचे यानंतरचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही. ‘स्त्री-पुरुष तुलना’ विस्मरणात गेली. १९७५ साली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, स. गं. मालशे यांनी ती पुन्हा प्रसिद्ध केली, आणि १९९४ साली रोझलिंड ओ’हॅन्लन यांच्या इंग्रजी भाषांतराने ती जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोचली. आज विद्यापीठांतून तिच्यावर निबंध लिहिले जातात, हे चांगलेच आहे. तथापि मधल्या ९३ वर्षांत जो संवाद व्हायला हवा होता तो झाला नाही, हे नुकसान पुनर्मुद्रणाने भरून निघत नाही. पंडिता रमाबाई, रखमाबाईंचा खटला, संमतिवयाचा कायदा, हे सारे वाद ताराबाईंच्या पुस्तकानंतरच्या दशकभरात पेटले. त्या वादांत बोलणाऱ्या बहुतेकांच्या टेबलावर हे पुस्तक नव्हते.

येथवर न वाचण्याच्या कथा झाल्या. आता मात्र एका वेगळ्या प्रसंगाकडे वळू. तो घडला लाहोर आणि मुंबई या दोन शहरांच्या दरम्यान.

१९३५ साली येवल्याला डॉ. आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला होता. त्यानंतर लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना आपल्या परिषदेचे अध्यक्षपद दिले. मंडळ सवर्ण हिंदू सुधारकांचे होते. भाषणाचा मसुदा त्यांनी पाहिला आणि त्यांचा धीर सुटला. जातिभेद मोडायचा तर ज्या धर्मग्रंथांवर तो उभा आहे त्यांचे प्रामाण्य नाकारले पाहिजे, हा त्यातला मुद्दा त्यांना पचण्यासारखा नव्हता. काही भाग गाळावा अशी विनंती झाली, आंबेडकरांनी एक अक्षरही बदलण्यास नकार दिला, आणि परिषद बारगळली. न झालेले ते भाषण आंबेडकरांनी १९३६च्या मे महिन्यात ‘अ‍ॅनाइहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने स्वखर्चाने छापले. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. १९३७ साली दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा गुजराती आणि तमिळ भाषांतरे झालेली होती आणि मराठीसह आणखी चार भाषांत काम चालू होते.

गांधीजींनी जुलै १९३६ मध्ये ‘हरिजन’मधून या पुस्तकाचा परामर्श घेतला. आंबेडकरांच्या निष्कर्षांशी ते सहमत नव्हते. धर्माची परीक्षा त्याच्या वाईट नमुन्यांवरून न करता उत्तम नमुन्यांवरून करावी, वर्ण आणि जात या गोष्टी भिन्न आहेत, असे त्यांचे म्हणणे. पण सुधारकाने या भाषणाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही आणि सनातन्यांनीही ते वाचल्यास त्यांचा लाभच होईल, असे त्यांनी वाचकांना बजावले. आठ आणे किंमत फार होते, दोन किंवा फार तर चार आणे ठेवायला हवी होती, असेही सुचवले. विरोधकाच्या पुस्तकाची किंमत कमी असावी म्हणजे ते अधिकांनी वाचावे, असे म्हणणारा परीक्षक दुर्मीळच.

आंबेडकरांनी त्याहून पुढचे पाऊल टाकले. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी गांधीजींचे लेख जसेच्या तसे छापले आणि त्यांपुढे आपले उत्तर जोडले. उत्तर कठोर आहे, त्यात गुळमुळीतपणा कुठेही नाही. परंतु वाचकाला दोन्ही बाजू एकाच जिल्दीत मिळाल्या. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत आधी पुढे ठेवावे आणि मग खोडावे, ही आपल्याकडची पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची जुनी शिस्त. शास्त्रार्थाच्या बंदिस्त सभेतून ती बाहेर काढून छापील पुस्तकाच्या खुल्या बाजारात आणण्याचे काम येथे, त्या सभेत ज्याला पायही ठेवू दिला नसता अशा माणसाने केले. आम्हांस वाटते, चालू प्रश्नावरचे अवघड पुस्तक कसे वाचावे याचा वस्तुपाठ हवा असेल तर ही दुसरी आवृत्ती उघडावी. दोघांचे मतभेद तेथे मिटलेले नाहीत. दोघांनी परस्परांना वाचले मात्र होते.

याच लेखकाच्या वाट्याला मरणोत्तर काय आले तेही पाहणे भाग आहे. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली आंबेडकरांच्या लेखनाचे खंड १९७९ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. १९८७ साली चौथा खंड निघाला, त्यात ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हे हयातीत अप्रकाशित राहिलेले हस्तलिखित होते. राम आणि कृष्ण यांच्याविषयीच्या परिशिष्टावरून वादळ उठले. ते गाळावे या मागणीसाठी मोर्चे निघाले, गाळू नये म्हणून त्याहून मोठे मोर्चे निघाले, प्रती जाळल्या गेल्या. अखेरीस १९८८ साली परिशिष्ट कायम राहिले आणि शासन त्यातील मतांशी सहमत नाही अशा आशयाची टीप आली. खंड इंग्रजीत होता. मोर्च्यांतल्या किती जणांनी तो उघडला असेल? हा प्रश्न आम्ही कुचेष्टेने विचारीत नाही. परिशिष्ट राखण्यासाठी रस्त्यावर आलेल्या माणसांना आपल्या नेत्याचा शब्द कोणी छाटू नये एवढे पक्के ठाऊक होते, आणि त्यांचा तो आग्रह रास्त होता. प्रश्न पडतो तो वाचता येणाऱ्यांविषयी. आंबेडकरांनी ज्या पुराव्यांवर आपली मते मांडली होती ते तपासून, मान्य करून किंवा खोडून, त्या गदारोळात लिहिले गेलेले लेखन घोषणांच्या मानाने फारच थोडे होते. पुस्तक जाळणारा त्याला वाचत नाही हे उघडच आहे. परंतु त्याची पूजा करणाराही बहुधा वाचत नाही. उपहास, मौन आणि जाळपोळ यांच्या जोडीला न वाचण्याची ही चौथी रीत धरावी लागते, आणि फुले-आंबेडकरांच्या बाबतीत आज हीच सर्वांत प्रचलित आहे.

अवघड पुस्तकाचा आदर म्हणजे त्याच्यापुढे मान तुकवणे, असा समज यातून होऊ नये. असे पुस्तक चुकतेही. फुल्यांनी पुराणांतील अवतारकथांचा अर्थ आर्यांच्या लागोपाठच्या स्वाऱ्यांचा इतिहास म्हणून लावला आणि त्यासाठी नावांच्या व्युत्पत्ती सुचवल्या. त्यांतल्या बऱ्याचशा आजच्या संशोधनास मान्य होण्यासारख्या नाहीत. हे सांगण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही, कारण ते ज्याने आपल्या परीने सर्वांआधी सांगितले त्याची निष्ठा संशयातीत होती. १९४६ साली आंबेडकरांचे ‘हू वेअर द शूद्राज?’ प्रसिद्ध झाले. ते जोतीराव फुल्यांच्या स्मृतीस अर्पण केलेले आहे. आणि त्याच पुस्तकात आर्य ही एक वेगळी वंशजमात होती व तिने बाहेरून स्वारी करून येथील लोकांना शूद्र केले, या उपपत्तीचे सविस्तर खंडन आहे. ज्या उपपत्तीवर फुल्यांच्या इतिहासाची इमारत उभी होती तिचाच पाया येथे काढून घेतला गेला. अर्पणपत्रिका आणि खंडन एकाच पुठ्ठ्यात सुखाने नांदतात. फुल्यांचा प्रश्न आंबेडकरांनी आपला मानला, त्यांचे उत्तर मात्र तपासून घेतले. १८४७ साली पेन ज्या रीतीने वाचला गेला तीच ही रीत, आणि एका शतकाच्या अंतराने तिला तिचा खरा वारस मिळाला असे म्हणता येईल.

आता आपल्याकडे वळू. या इतिहासातील लोकांच्या मानाने आपली स्थिती पुष्कळ सोपी आहे. नऊ आण्यांच्या पाचशे प्रतींवर आपण अवलंबून नाही. आंबेडकरांचे खंड ग्रंथालयांतून आणि संगणकावरही मिळतात, फुल्यांचे समग्र वाङ्मय आवृत्त्यांमागून आवृत्त्या पाहत आले आहे. मराठीत चालू प्रश्नांवर तळमळीने लिहिणारेही कमी झाले नाहीत. अनिल अवचटांनी १९६९ साली बिहारमधील दुष्काळावर ‘पूर्णिया’ लिहिले आणि त्यानंतर हमाल, विडी कामगार, वेगवेगळ्या भटक्या जमाती यांच्याविषयी वर्षानुवर्षे लिहीत राहिले. पी. साईनाथांचे १९९६चे इंग्रजी पुस्तक ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावाने मराठीत आले. देशातील सर्वांत गरीब जिल्ह्यांतून हिंडून लिहिलेले ते वृत्तान्त असूडाच्या चौथ्या प्रकरणाशेजारी ठेवून वाचावेत. शतकाहून अधिक अंतर असूनही दोन्हींतल्या सरकारी खात्यांची एकमेकांशी लगेच ओळख पटेल.

पुस्तके आहेत. तेव्हा सबब पुस्तकांची उरत नाही. राहतात त्या वाचकाच्या सवयी. सूर आवडला नाही म्हणून मुद्दा न ऐकणे, आपल्या गटाचा नाही म्हणून लेखक बाजूला सारणे, आपल्या गटाचा आहे म्हणून न वाचताच डोक्यावर घेणे, आणि आजचा प्रश्न इतिहासजमा होईपर्यंत थांबून मग त्यावर आदराने परिसंवाद भरवणे. या शेवटच्या सवयीत एक सोय आहे. लेखक गेलेला असतो, विजयालक्ष्मी गेलेली असते, ओतूरचा तो शेतकरीही गेलेला असतो. आपल्याकडे उत्तर मागणारे कोणीच समोर नसते.

म्हणून एक साधी सूचना करावीशी वाटते. आपल्याला खरोखर टोचणारे, आपल्या जातीविषयी, पगाराविषयी, घराविषयी किंवा शहराविषयी काही अप्रिय सांगणारे, याच काळात लिहिले गेलेले एखादे पुस्तक निवडावे. ते एकट्याने न वाचता दोघाचौघांत मोठ्याने वाचावे, आणि शक्य असेल तर ज्यांच्याविषयी ते लिहिले आहे त्यांच्यापैकी कोणी तेथे ऐकायला असावे. न पटलेला मुद्दा लेखकाच्याच शब्दांत आधी नीट मांडून मगच खोडावा. फुल्यांनी हस्तलिखिताचे आणि आंबेडकरांनी दुसऱ्या आवृत्तीचे जे केले त्याहून यात निराळे काही नाही. ताराबाईंच्या पाचशे प्रतींपैकी चार-दोन प्रती १८८२ साली जरी अशा रीतीने वाचल्या गेल्या असत्या, तरी संमतिवयाच्या वादात ओसरीवरच्या काही मंडळींना आपले बोलणे बदलावे लागले असते. आपल्या काळातही नऊ आण्यांची अशी पुस्तके कुठल्यातरी छापखान्यातून बाहेर पडतच असतील. त्यांतले एखादे ओळखून ते आजच वाचणे, एवढे आपल्या हाती आहे.